लेआऊटच्या मैदानात तान्हा पोळा भरवायचा असेल तर

दक्षिण नागपुरातल्या आमच्या लेआऊटमध्ये तान्हा पोळा, म्हणजे लाकडी नंदी सजवून आणणाऱ्या मुलांचा पोळा, भरवणाऱ्या मंडळींत मी बरीच वर्षं आहे. श्रावण लागला की आजूबाजूच्या वस्त्यांतून फोन येतात. विचारणा बहुतेक वेळा दोनच गोष्टींची असते: बक्षिसं काय ठेवता आणि पाहुणे कोण आणता. मैदान कोणाच्या ताब्यात आहे, पाऊस आला तर मुलं कुठे उभी राहतील, नंदींचं परीक्षण तोरण तोडून पोळा फुटण्याआधी की नंतर, हे कोणी विचारत नाही. कार्यक्रम बिघडतो तो मात्र नेमका इथेच. चार वर्षांचं पोर भरजरी कपड्यांत दीड-दोन तास ताटकळतं, गर्दीत त्याच्या नंदीचं शिंग मोडतं आणि ते रडत घरी जातं. पुढच्या वर्षी ते येत नाही.

म्हणून आम्ही एक माप ठरवलं आहे. कुठलाही निर्णय घेताना रांगेतल्या सर्वांत लहान मुलाला तो झेपेल का, एवढंच बघायचं. खालचे सगळे टप्पे त्या मापाने लावलेले आहेत. क्रम मोडू नका. एक टप्पा पुढेमागे झाला की त्याचा फटका संध्याकाळी मैदानावर बसतो.

## टप्पा १: तिथी आणि वेळ (दोन महिने आधी)

पोळा श्रावण अमावस्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो अमावस्या दोन दिवसांत विभागून आल्यावर. २०२५ मध्ये अमावस्या २२ ऑगस्टला दुपारी लागली आणि २३ ला दुपारपर्यंत होती. पोळा २२ ला, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक) आणि तान्हा पोळा २३ ला झाला. भिंतीवरच्या कॅलेंडरात २३ च्या चौकोनातही अमावस्या दिसत असल्यामुळे काही घरांनी पाहुण्यांना चुकीची तारीख कळवली होती. शहराची मारबत ज्या दिवशी निघते तोच आपला दिवस, असं धरून चाला.

तारीख दरवर्षी बरीच सरकते. २०२३ मध्ये १५ सप्टेंबर होती, २०२४ मध्ये ३ सप्टेंबर, २०२५ मध्ये २३ ऑगस्ट. त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलता येत नाही. या दिवसांत नागपुरात सूर्य सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. पावसाळी आभाळ असलं तर सहालाच अंधारून येतं. तोरण उजेडात तुटायला हवं. म्हणजे पावणेसहा ही शेवटची वेळ, आणि बाकी सगळं तिथून मागे मोजायचं.

सकाळी फार लवकरही ठेवू नका. त्या दिवशी इतवारी, महाल, जागनाथ बुधवारी या भागांत मारबतीची मिरवणूक असते. अर्धी वस्ती मुलांना खांद्यावर घेऊन तिकडे गेलेली असते. ती माणसं दुपारी परततात, मुलं जेवून जरा पडतात. साडेचारच्या आधी कोणी ताजंतवानं मिळत नाही.

सावध: तान्ह्या पोळ्यानंतर अवघ्या तीन-चार दिवसांत गणपती बसतात. शहरातलं प्रत्येक बिछायत केंद्र (मंडप, सतरंज्या, खुर्च्या भाड्याने देणारं), साउंडवाला, फ्लेक्स छापणारा त्या कामात बुडालेला असतो. आठ दिवस आधी सांगून काही मिळेल या भ्रमात राहू नका.

## टप्पा २: मैदान कोणाचं आहे ते शोधा (दीड महिना आधी)

"आपल्या लेआऊटची ओपन स्पेस आहे, आपलीच आहे" या समजुतीने बरेच जण फसतात. जागा महापालिकेची असू शकते, नागपूर सुधार प्रन्यासची असू शकते, गृहनिर्माण संस्थेची किंवा एखाद्या ट्रस्टचीही असू शकते. नासुप्रने आखलेले काही लेआऊट मनपाकडे गेले आहेत, काही नाहीत. फाटकावरच्या जुन्या पाटीवर जाऊ नका. झोन कार्यालयात जाऊन मैदान किंवा उद्यान त्यांच्या यादीत आहे का, हे विचारा.

मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. घराजवळचं झोन कार्यालय आपलंच असेल असं नाही. मालमत्ता कराच्या पावतीवर झोनचं नाव असतं, ते पाहून निघा. आम्ही एकदा अर्ज घेऊन शेजारच्या झोनमध्ये गेलो. तिथून योग्य कार्यालयात कागद पोचेपर्यंत बारा दिवस गेले होते.

जागा पाहायला जाल तेव्हा सोबत एक लाकडी नंदी आणि त्याची दोरी न्या. हे गंमत म्हणून सांगत नाही. नंदीच्या पाटाला खाली लाकडी चाकं असतात आणि ओल्या गवतात ती फिरतच नाहीत. मूल जोर लावतं, दोरी ताणली जाते, नंदी तोंडावर आपटतो. उद्यानातला चालण्याचा ट्रॅक किंवा मैदानाला लागून असलेला सिमेंटचा रस्ता रांगेसाठी सगळ्यांत चांगला. गवताळ मैदान पालकांना उभं राहायला ठेवा.

तपासा: पंचवीस पावलं नंदी ओढत न्या. कुठेही अडला नाही तर रांगेची जागा तीच.

## टप्पा ३: अर्ज, शिक्का, परवानगी (एक महिना आधी)

जागा मनपाची असेल तर अर्ज झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा. उद्यान असेल तर एक प्रत उद्यान विभागालाही द्या. जागा नासुप्रची असेल तर त्यांच्या कार्यालयात. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, अंदाजे किती मुलं, आणि मंडप घालणार की नाही. "सांस्कृतिक कार्यक्रमासाठी मैदान मिळावे" एवढंच लिहिलेला अर्ज प्रश्न विचारायला परत येतो.

दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन आपल्याकडे. शिक्क्याची प्रत नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

त्याच भेटीत आणखी एक विनंती लेखी द्या: गवत कापणं आणि डासांची फवारणी. भाद्रपदात गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं असतं, खड्ड्यांत पाणी साचलेलं असतं, आणि डेंग्यूचे दिवस असतात. गवत चार-पाच दिवस आधी कापून मिळालं तर उत्तम. फार आधी कापलं तर पावसात पुन्हा वाढतं.

ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची वेगळी लेखी परवानगी लागते. मैदान मिळालं म्हणजे भोंगा मिळाला असं होत नाही. ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. माझं मत विचाराल तर साठ-सत्तर मुलांच्या कार्यक्रमाला डीजे हवाच कशाला? एक माइक आणि दोन लहान स्पीकर पुरतात. मोठ्या आवाजाने तान्ही मुलं घाबरतात आणि नाव पुकारलेलं कोणालाच ऐकू जात नाही.

रस्त्यावर रांग लावणार असाल तर पोलिसांच्या अर्जात तेही लिहा आणि रस्ता कोणत्या दोन टोकांमध्ये किती वेळ अडेल ते नकाशा काढून दाखवा. विजेसाठी कोणाच्या तरी घरातून वायर ओढण्याची सवय सोडा. दिवे लावायचेच असतील तर महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. पावणेसातला संपवायचं असेल तर दिव्यांची गरजच पडत नाही, माइक बॅटरीवर चालतो. आम्ही तेच करतो.

## टप्पा ४: पैसे

थोडक्यात सांगतो, कारण इथे नियम साधे आहेत. दारोदार सार्वजनिक वर्गणी गोळा करायची आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. पावती प्रत्येकाला द्या, वीस रुपयांची असली तरी. कोणी एकाने सगळा खर्च उचलतो म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. पैसा एकाचा झाला की कार्यक्रमही त्याचाच होतो. फ्लेक्सवर त्याचा फोटो येतो आणि मुलं मागे जातात.

खर्चाच्या यादीत पहिली ओळ बोजाऱ्याची (नंदी घेऊन आलेल्या मुलांना द्यायच्या पैशांची), दुसरी खाऊ आणि पाण्याची, तिसरी बिछायतीची. बक्षिसं सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी ही यादी उलटी असते.

## टप्पा ५: बिछायत आणि पावसाची सोय (तीन आठवडे आधी)

पाऊस येणारच असं धरूनच तयारी करा. सगळ्यांत स्वस्त आणि सोपा उपाय शेजारीच उभा असतो: गणेश मंडळाचा मंडप. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो बहुतेक बांधून झालेला असतो, मूर्ती यायची असते. मंडळाच्या पोरांशी जुलैतच बोला. मंडप तासाभरासाठी मुलांना द्या, बदल्यात आमची माणसं तुमच्या महाप्रसादाला वाढायला येतील, असा सौदा आमच्याकडे दरवर्षी होतो आणि दोन्ही बाजू तो पाळतात.

तो नसेल तर ताडपत्रीचा शामियाना सांगा. कापडी मंडप पावसात गळतो आणि पाण्याने फुगलेलं कापड खाली येतं. बिछायतवाल्याला आदल्या रात्रीच सामान टाकायला सांगा. मारबतीच्या दिवशी सकाळपासून मध्य नागपुरातले रस्ते अडलेले असतात. त्याची गाडी तिकडून निघणार असेल तर चारला पोचत नाही.

खुर्च्या मोजक्याच घ्या, आजी-आजोबांपुरत्या. बाकी सतरंज्या. खुर्च्या जास्त झाल्या की पालक बसून राहतात आणि मुलं एकटी रांगेत उभी.

फ्लेक्सबद्दल: १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर, सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, पेले, ताटल्या हे सगळं त्यात येतं. कापडावर रंगवलेला एक फलक करा आणि त्यावर वर्ष लिहू नका. आमचा अजून चालतो आहे.

## टप्पा ६: नोंदणी (पंधरा दिवस आधी सुरू, तीन दिवस आधी बंद)

व्हॉट्सॲप ग्रुपवर "नावं टाका" म्हटलं की नावं येतात, पण वय येत नाही. एकच मूल दोनदा येतं आणि ग्रुपमध्ये नसलेली घरं सुटतात. लेआऊटच्या मागच्या बाजूला भाड्याने राहणारी, बांधकामावर काम करणारी, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं कधीच त्या ग्रुपमध्ये नसतात. वही घेऊन घरोघरी जा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ते आवतन या दारांपर्यंतही गेलं पाहिजे.

वहीत रकाने एवढेच: मुलाचं नाव, पूर्ण झालेलं वय, पालकाचा फोन, नंदी स्वतःचा आहे की नाही, झडती (पोळ्यात म्हणायच्या यमकाच्या ओळी) म्हणणार का. शाळेची इयत्ता विचारू नका. एकाच इयत्तेत वयाचा फरक असतो आणि गट वयावर करायचे असतात. तीन गट पुरतात: सहा वर्षांपर्यंत, सात ते दहा, अकरा ते चौदा.

प्रत्येक मुलाला एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या द्या. एक नंदीच्या पाटाला बांधायची, दुसरी मुलाच्या कपड्याला. हे अगदी महत्त्वाचं. एके वर्षी आम्ही क्रमांक फक्त मुलांना दिले. मुलं पाणी प्यायला गेली, नंदी रांगेत राहिले, परीक्षकांनी एकाचे गुण दुसऱ्याला दिले. निकाल ऐकून सात वर्षांची एक मुलगी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, तो तर माझा नंदी आहे." खरंच तिचाच होता. चूक सर्वस्वी आमची होती.

मुलाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पालकाचा फोन लिहा. पुढच्या बाजूला नको, तो सगळ्या गर्दीला दिसायचं कारण नाही.

तपासा: नोंदणी बंद झाल्यावर वहीतली नावं आणि चिठ्ठ्या मोजून जुळवा. नंतर पंधरा-वीस कोऱ्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा. न सांगता येणारी मुलं असतातच, आणि त्यांना परत पाठवायचं नाही.

## टप्पा ७: ज्याच्याकडे नंदी नाही (दहा-बारा दिवस आधी)

सागवानी नंदी आता स्वस्त राहिलेला नाही. पोळ्याच्या बाजारात मूठभर आकारापासून मुलाच्या उंचीपर्यंतचे मिळतात आणि किंमत आकाराबरोबर पटापट चढते. प्रत्येक घराला ते परवडत नाही. म्हणून एका रविवारी मुलांना घेऊन मातीचे बैल करायला बसा.

काळी माती वाळताना तडकते. तीत थोडी बारीक रेती आणि कापसाचे पिंजलेले तंतू मळून घ्या. पाय जाड आणि आखूड ठेवा, शिंगांत आगपेटीची काडी घाला. सावलीत वाळू द्या, उन्हात ठेवाल तर पोटाला चीर पडते. या हवेत वाळायला आठवडा जातो, म्हणूनच दहा-बारा दिवस आधी म्हणतो आहे. वाळल्यावर गेरू किंवा पोस्टर कलर, आणि पुठ्ठ्याच्या किंवा फळीच्या पाटावर डिंकाने बसवा. चाकांना बाटल्यांची झाकणं चालतात.

शिवाय मंडळाचे म्हणून आठ-दहा साधे लाकडी नंदी जमवून ठेवा. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्या माळ्यावर ते पडून असतात. मागितले की लोक आनंदाने देतात.

सावध: मंडळाचा नंदी घेतलेल्या मुलाला वेगळ्या रांगेत उभं करू नका आणि माइकवरून ते सांगू नका.

## टप्पा ८: पालकांना द्यायच्या सूचना (एक आठवडा आधी)

एका कागदावर, मोठ्या अक्षरात, एवढंच:

दोरी पाटाला पुढून बांधा, नंदीच्या गळ्याला किंवा शिंगांना नाही. वरून ओढलं की नंदी उलटतो. दोरी मुलाच्या कमरेपर्यंत येईल एवढीच लांब ठेवा. फार लांब झाली तर मागच्या मुलाच्या पायात येते. चाकांच्या आसाला आदल्या दिवशी थेंबभर तेल सोडा.

झूल, बेगड, घुंगरू, कवड्यांच्या माळा, बाशिंग जे हवं ते लावा. थर्माकोल नको. बॅटरीच्या लुकलुकणाऱ्या माळा चालतील. मेणबत्ती, उदबत्ती, पेटता दिवा नंदीवर अजिबात नको. शेजारी उभ्या मुलाचं धोतर किंवा लुगडं सिंथेटिक असतं, आणि ते क्षणात पेटतं.

मुलाला पोटभर खाऊ घालून आणा. पायात चप्पल असू द्या. कृष्ण, शेतकरी, शिवाजी महाराज काहीही बनवा, पण अनवाणी नको, मैदानात काटे असतात.

झडत्या म्हणणाऱ्या मुलांची आधी एकदा तालीम घ्या. मोठ्यांनी शिकवलेल्या झडत्यांत कधी शेजाऱ्यावर, कधी पुढाऱ्यावर, कधी एखाद्या जातीवर ओळ निघते. मुलाला तिचा अर्थही कळत नसतो. अशी ओळ तालमीतच काढून टाका. मुलांना स्वतः जुळवायला सांगितलं तर ती फार गोड जुळवतात. आमच्याकडची एक:

पाऊस आला झडीचा,
रस्ता झाला चिखलाचा,
नंदी माझा लाकडाचा,
मालक त्याचा वितभराचा,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

## टप्पा ९: परीक्षक आणि गुण

तीन परीक्षक, तिघेही लेआऊटबाहेरचे, आणि कोणाचंही मूल किंवा नातवंड स्पर्धेत नसलेले. चित्रकलेचे शिक्षक, जवळच्या गावातला बैल पाळणारा शेतकरी आणि एखाद्या अंगणवाडी सेविका असं त्रिकूट आम्हाला सर्वांत चांगलं जमलं. शेतकरी दादांना वेसण, कासरा, झूल बरोबर बांधली आहे का ते लगेच दिसतं आणि मुलांना ते समजावूनही सांगतात.

गुणांच्या कागदावर तीन रकाने: सजावट, मुलाने स्वतः किती केलं, आणि नंदीबद्दल विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. आकाराला आणि किमतीला गुण नाहीत, हे परीक्षकांना बसवून सांगा. सांगितलं नाही तर डोळा आपोआप सर्वांत मोठ्या नंदीवर जातो.

आता वेळेचं गणित. साठ मुलं, प्रत्येकी पाऊण मिनिट, म्हणजे एका परीक्षकाला पंचेचाळीस मिनिटं. तिघे एकामागून एक चालले तर शेवटचं मूल तासभर उभं राहतं. तिघांनी तीन वेगवेगळ्या गटांपासून सुरुवात करायची आणि फिरून दुसऱ्या गटात जायचं. लहान गटाचं परीक्षण झालं की त्यांना लगेच सतरंजीवर बसवा आणि पाणी द्या.

## टप्पा १०: त्या दिवशीचा क्रम

हा क्रम कागदावर लिहून प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात द्या.

* ३:०० मैदानाचे फोटो, पाण्याचे माठ, दोरी टाकून रांगेच्या खुणा
* ४:०० चिठ्ठ्यांची तपासणी, नवीन नोंदणी
* ४:३० परीक्षण
* ५:१५ झडत्या
* ५:४० पूजा आणि तोरण
* ५:५० बोजारा आणि खाऊ
* ६:१५ बक्षिसं
* ६:४५ मैदान रिकामं

परीक्षण तोरणाच्या आधीच व्हायला हवं. एकदा पोळा फुटला की मुलं धावतात, झुली सुटतात, बाशिंगं पडतात, आणि मग परीक्षण कशाचं करणार? आणि बोजारा बक्षिसांच्या आधी. निकाल लागला की हरलेली मुलं घरी निघतात, आणि त्यांच्या हातात काहीच पडलेलं नसतं.

पाहुणे उशिरा आले तर थांबू नका. हे बोलावतानाच सांगून ठेवा: पावणेसहाला तोरण, तोपर्यंत पोचलात तर तुमच्या हस्ते, नाही तर वस्तीतल्या ज्येष्ठांच्या हस्ते. एका वर्षी पाहुण्यांसाठी आम्ही सव्वा तास थांबलो. ते आले तेव्हा पाऊसही आला, आणि साठ मुलांचा पोळा दहा मिनिटांत, भिजत, कसाबसा उरकला. तेव्हापासून तोरण सोडायचा मान ज्यांनी आयुष्यात खरंच औत हाकलं आहे अशा आजोबांना देतो. प्रत्येक लेआऊटमध्ये गाव सोडून आलेले असे एक तरी आजोबा असतात, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

## टप्पा ११: तोरण

दोन बांबू, मध्ये सुती किंवा काथ्याची दोरी, तिला आंब्याची आणि पळसाची पानं, झेंडू. नायलॉनची दोरी नको. ती तुटत नाही आणि ओढताना बांबू मुलांवर येतो. बांबू जमिनीत दीड-दोन फूट गाडा. सिमेंटच्या रस्त्यावर असाल तर मातीने भरलेल्या पिंपात रोवा. दोरीचं एक टोक पक्कं बांधा, दुसऱ्याला सरकगाठ मारा. आजोबांनी टोक ओढलं की गाठ सुटते, तोरण अलगद एका बाजूला पडतं आणि मुलांना पोळा फुटल्याचा आनंद मिळतो.

पूजा एकच, तोरणाखाली ठेवलेल्या मंडळाच्या नंदीची. प्रत्येक नंदीपाशी निरांजन फिरवू नका. एक तर वेळ जातो, आणि गर्दीत ज्योत धोक्याची.

मुलं सोडताना सहा वर्षांपर्यंतची सर्वांत आधी, पालकांचा हात धरून. ती पलीकडच्या खुणेला पोचली की मधला गट, मग मोठा. सगळ्यांना एकदम सोडलं तर मोठी मुलं जिंकण्याच्या नादात धावतात आणि लहानगी खाली येतात. प्रत्येक गटामध्ये दोन स्वयंसेवक दोरी धरून उभे करा.

खरी बैलजोडी आणायची हौस काही मंडळांना असते. मुलांच्या गर्दीत, भोंग्याच्या आवाजात ती आणू नका. बैल बुजला तर त्याला आवरायला जागा नसते.

## टप्पा १२: बोजारा आणि बक्षिसं

बोजारा सगळ्यांना सारखा. पाकिटात एक कोरी नोट आणि सोबत बुंदीचा लाडू, केळं, चिवड्याची कागदी पुडी. कोऱ्या नोटांसाठी बँकेत महिनाभर आधी बोला, पोळ्याच्या आठवड्यात त्या मिळत नाहीत. पाकिटं नोंदणीपेक्षा वीस जास्त करा. देताना मुलाच्या चिठ्ठीवर पेनाने खूण करा, म्हणजे कोणाला दोनदा आणि कोणाला काहीच नाही असं होत नाही.

त्या दिवशी मुलं घरोघरीही नंदी फिरवतात. कुठल्या गल्ल्यांतून आणि किती वाजेपर्यंत, हे पालकांनी ठरवून एक मोठं माणूस सोबत द्यावं.

बक्षिसं गटातून तीन पुरेत. ढाल-कपापेक्षा रंगपेटी, गोष्टींचं पुस्तक, बॅडमिंटनची रॅकेट द्या. भाषण एकही नको.

## टप्पा १३: मैदान परत करणं

तीनला काढलेले फोटो आता कामाला येतात. त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढा. बांबूचे खड्डे मातीने बुजवा, नाही तर सकाळी फिरायला येणाऱ्या आजी त्यात पाय घालतात. पानं-फुलं वेगळ्या पिशवीत, कागद वेगळा. कचरागाडी दुसऱ्या दिवशी किती वाजता येते ते आधी विचारून ठेवा. गणेश मंडळाचा मंडप वापरला असेल तर तो झाडून, सतरंज्या घडी करून त्यांच्या स्वाधीन करा.

हिशेब आठ दिवसांत फलकावर लावा. वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी कोणाचं मूल सात वर्षांचं होणार आणि कोणत्या घरात नवं बाळ आलं, हे तीच सांगते.

मंडळाचे लाकडी नंदी पुसून, चाकांना तेल लावून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मोडलेलं शिंग त्याच आठवड्यात सुताराकडून बसवून घ्या.